आधी वारा बघ

खुर्ची ओढ, झिगिंतास. कॉफी पॅनलवर नको,
मागच्या हिवाळ्यात बर्नार्दासने सांडली
आणि अर्धा तास लिथुआनियाला आकाशच नव्हतं.

हा ठिपका बघ. हा नव्हे, त्याच्या डावीकडचा,
आहे की नाही असं वाटायला लावणारा.
वीस वर्षं आपण असल्यांना पुसत आलो.
यंत्राला सांगूनच ठेवलं होतं,
हळू चालणारं काही दाखवू नकोस.
लढाऊ विमान रेंगाळत नाही, क्षेपणास्त्र दम खायला थांबत नाही,
म्हणून क्रौंच, करकोचे, पावसाची सर, वाऱ्यावरचं भूस
सगळं एका आकड्याखाली गाडलेलं.
पडदा कसा लख्ख! पाहुणे येऊन गेल्यावर आवरलेल्या घरासारखा.

मग पलीकडून फुगे यायला लागले.
बेलारूसच्या रानातून वारा बघून सोडलेले,
पोटाशी सिगारेटची खोकी.
विमानतळ एकदा बंद पडला, दोनदा पडला.
वरून हुकूम आला, आकडा खाली आणा.
आणला.

त्या रात्री मी याच खुर्चीत होते.
अंधाऱ्या खोलीत कुणी दिवा लावावा
आणि कळावं, इथे आपण एकटे कधीच नव्हतो,
तसं झालं.
नेमुनासवरून क्रौंचांची रांग. मागे राजहंस.
मुठीएवढे, नाव माहीत नसलेले शेकडो जीव
रात्रीचे दक्षिणेला निघालेले,
आणि त्यांच्यामधून, कुणाच्या अध्यात ना मध्यात, चार फुगे.
कॅप्टन म्हणाला, "यातला शत्रू कोणता?"
कुणी तोंड उघडेना.

आता शीक. पक्ष्याचा ठिपका थरथरतो.
पंखांची उघडझाप परतणाऱ्या लहरीत उमटते,
मनगटावर बोट ठेवल्यागत लागते हाताला.
फुग्याला नाडी नाही. वारा जिकडे, तो तिकडे.
बाजूच्या पडद्यावर वाऱ्याचा बाण आहे, तो बघत जा.
वाऱ्याशी ज्याचं थोडं तरी वाकडं आहे, ते जिवंत.

हे वाक्य मी वहीत लिहिलं होतं.
नंतर खोडलं.

ऑक्टोबरच्या अकरा तारखेला एक आला.
नकाशावर आपला देश जिथे बोटासारखा त्यांच्यात घुसलाय,
त्या दिएवेनिश्केसवरून.
एवढासा, पण चमक अशी की ट्रक उडतोय म्हणावं.
थरथर नाही. वाऱ्याशी तसूभर वाकडं नाही.
मी कळवलं. कळवायलाच हवं होतं.
तीन विमानं घिरट्या घालत राहिली, एक रीगाला वळलं,
त्यात कुणाचं लग्न चुकलं म्हणे, कुणाचं ऑपरेशन.
आपली गाडी चिखलातून धावली.

सापडला लेओकाद्याबाईंच्या काढून झालेल्या बटाट्यांत,
कुंपणापासून दोनशे पावलांवर.
चंदेरी कागदाचा आकडा. सात.
खाली लाल रिबीन, रिबिनीला केकची मलई,
वाळून टणक झालेली.

पोराने रेडिओवर विचारलं, "नोंद काय करू?"
बाई मध्येच बोलली. बटण दाबलेलंच होतं, मी ऐकलं.
"पलीकडे माझ्या बहिणीची नात आहे. सात वर्षांची झाली ती.
कुंपण घातल्यापासून दिसली नाही.
द्या मला तो. अजून हवा आहे त्यात."

दुसऱ्या कुणाचाही असेल, झिगिंतास.
पलीकडे सात वर्षांची मुलं काय कमी आहेत?
आणि बायका वाट बघायला लागल्या की काय काय ओळखतात.
नियमाने तो इथे यायला हवा होता, पिशवीत, क्रमांक घालून.
माझ्या वहीत आहे: वस्तू एक, निर्जीव, जागेवरच निकालात काढली.
सही माझी.

डावीकडचा अजून आहे बघ.
थरथरतोय का? मलाही नक्की सांगता येत नाही.
फोनवरचा हात काढ.
आधी वारा बघ.