माणसं किती?

दिघ्याला विचारलं, माणसं किती?
मी म्हटलं, चार.
दार अर्धंच उघडलं होतं, तेवढंही राहिलं नाही.

ऐरोलीचा एजंट आधी पगार विचारतो.
मी तुर्भ्याला, मसाल्याच्या कंपनीत पॅकिंगला, बारा हजार.
सुदामचं रिक्षाचं, दिवस असेल तसं.
त्याने मोबाईलमधले फोटो वर सरकवले,
आणखी वर सरकवले,
आणि फोन खिशात ठेवला.
खोली दाखवायचे दोनशे मात्र आधीच घेतलेले.

कोपरखैरण्याची खोली मनात भरली होती.
मोरी आत, भिंतीला पोपटी रंग,
डिपॉझिट पन्नास.
पुढचं हजार कुणी उच्चारत नाही तिथे.
बाई म्हणाल्या, तुमच्या अंगाला मिरचीचा वास येतो,
माझी मुलं लहान आहेत.
माझीही आहे, म्हटलं.

मग आम्ही बेरीजच बदलली.

घणसोली गावात, तळ्यामागच्या गल्लीत
मढवीबाई जिन्यावर सुकट निवडत बसलेल्या.
"मानसा कवरी?"
सुदामने माझ्याकडे पाहिलं, मी चपलांकडे.
तीन, म्हटलं.
अप्पा तेव्हा कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी उभे,
सांगितल्याप्रमाणे,
हातात पिशवी, आमचे नसल्यासारखे.

भाडं सहा हजार, पाण्याचे माणशी दीडशे,
करार अकरा महिन्यांचा.

अप्पांना रात्री अकरानंतर आणलं,
भांड्यांच्या पोत्यामागून, पायरी न वाजवता.
महिनाभर ते उशीत तोंड खुपसून खोकले.
त्यांच्या चपला पलंगाखाली,
धोतर आतल्या आत वाळायचं, वाळायचं नाहीच.
सानिकाला पढवलं: आजोबा गावी आहेत.
ती शेजारच्या पोरींना सांगून आली,
आजोबा गावी आहेत,
आत्ता झोपलेत.

एक तारखेला भाडं द्यायला खाली गेले.
मढवीबाईंनी नातवाची जुनी वही काढली,
चष्मा लावून बोट फिरवलं.
"पान्याचं सहाशे."
साडेचारशे ना, म्हटलं, तीन माणसं.
त्यांनी काही न बोलता वही माझ्याकडे वळवली.
आमच्या खोलीपुढे, शाईच्या पेनाने,
आम्ही आलो त्याच तारखेला लिहिलेलं:
४.

सहाशे दिले. दीडशे डोळ्यांत झोंबले,
मिरचीची सवय असून.

वर आले तेव्हा अप्पांना उबळ आलेली,
हात उशीकडे.
राहू द्या उशी, म्हटलं.
खोका खुशाल.