अर्ज क्रमांक एकेचाळीस

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जिन्याखाली माझं टेबल.
पाटी म्हणते: जुन्या इमारती.
खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: आणि जुनी माणसं.
मी ते पुसलेलं नाही.

ओयार्स आला तेव्हा बुटांवर नदीकाठचा बर्फ होता.
टोपी न काढताच म्हणाला,
"प्लास्टिकच्या खिडक्या हव्यात. पांढऱ्या, दुहेरी काचेच्या.
रीगात बहिणीने बसवल्यात,
तिच्याकडे मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलत नाही."
त्याच्याकडे ज्योत हलते, पडदा हलतो,
पायांशी झोपलेलं मांजर रात्रीतून तीनदा जागा बदलतं.

मी नियम वाचून दाखवला.
नियम वाचताना माझा आवाज माझा राहत नाही,
तो वरच्या मजल्यावरून येतो,
जिथे हीटर नीट चालतात.
नदीकडची गल्ली, चौदा सालच्या आधीची घरं:
चौकट लाकडाचीच, तावदानं सहाच.
"म्हणजे मी गारठायचं
आणि तुमच्या पाहुण्यांनी फोटो काढायचे."
यावर नियमात उत्तर नाही.

मग मी दुसरा कागद काढला.
निम्मा खर्च पालिकेचा. सुतार पालिकेची.
जवसाच्या तेलातला रंग फुकट, डबा तेवढा परत.
उरलेल्या निम्म्यातून मजुरी वजा,
जर शनिवारी येऊन स्वतः खरवडलं तर.
"किती दिवस लागतील?"
मी खरं ते सांगितलं: सहा महिने.
सरकारी कामाला प्रत्येक गावात तेवढेच लागतात.
तो पहिल्यांदा हसला, आणि सही केली.

फेब्रुवारीत सभा.
बालवाडीचं गळकं छत, पुलाचा कठडा,
आणि चहा निवल्यावर, सगळ्यात शेवटी, खिडक्या.
बेकरीवाल्या व्हिझ्माबाई उठल्या:
"पोरं भिजताहेत
आणि आपण मेलेल्या सुतारांची कामं जपतोय."
त्यांचं चूक नव्हतं.
मी आकडे वाचले. आकड्यांनी कुणी हललं नाही.
पाच विरुद्ध चार.
पाचवा हात उशिरा वर गेला, कान खाजवायला निघाल्यासारखा.
छताला त्या वर्षी ताडपत्री मिळाली.
मी त्या वर्षी बालवाडीच्या रस्त्याने गेले नाही.

मार्च.
जुन्या अग्निशमन केंद्रात आता वर्कशॉप आहे,
बंब उभा राहायचा तिथे खिडक्या आडव्या पडलेल्या.
अग्रिता सुतारीण चौकटीवर टिचक्या मारत जाते,
डॉक्टर छातीवर मारतात तशा.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
ती म्हणते, वासे बिचारे कुठे फिरतात,
ओल खालून येते.
खालची पट्टी कुजलीय. कुजलं तेवढंच कापायचं.
एवढंच तिचं तत्त्वज्ञान,
आणि माझ्या कपाटातल्या चार फायलींचंही.

ओयार्स खरवडतो.
पांढऱ्याखाली तपकिरी,
तपकिरीखाली लष्करी हिरवा,
कुठून आला ते कुणी विचारायचं नाही असा.
त्याखाली निळा.
त्याने पत्री खाली ठेवली.
"आई म्हणायची, निळ्या होत्या.
आम्ही म्हणायचो, म्हातारीला भ्रम झालाय."
अग्रिताने रेडिओ बंद केला. मग पुन्हा लावला.

नोव्हेंबरात तो परत आला.
"ज्योत अजून हलते," म्हणाला.
मी माफी मागायला तोंड उघडलं.
"थोडीच. मांजर हलत नाही."
मग कोटातून घडी घातलेला अर्ज काढला:
दरवाजासाठी.
रंगाचा क्रमांक, या रकान्यात
त्याने लिहिलं होतं: आईचा.

वरच्या मजल्यावरून अर्ज परत आला, लाल शेरा:
क्रमांक नाही.
आज दुपारी निळ्या रंगाची एक कपची
पाकिटात घालून मी जिना चढतेय.
वर हीटर चालू आहेत.
कपची नखाएवढी आहे,
आणि हात सारखा खिशाकडे जातो,
आहे ना, ते बघायला.