मॅचिंग

आईचं अर्धं आयुष्य कोपरखैरण्याच्या
'रंगसंगती मॅचिंग सेंटर'मध्ये गेलं.
साडी काउंटरवर पडली की ती ताग्यांकडे बघायचीच नाही,
आधी गिऱ्हाइकाला दारात न्यायची.
"ट्यूबलाइट खोटं बोलते, उजेडात बघा."
मग मोरपंखीच्या अकरा छटांतून
एक तागा अचूक ओढायची.

मी खारघरला, तळघरात,
जिथे उजेडाचा प्रश्नच नाही.
मंगळसूत्र, पिना, घड्याळ ड्रॉवरमध्ये.
भिंतीपलीकडे चुंबक ठकठकतोय
आणि पडद्यावर दोन चित्रं,
एक प्लॅनिंगच्या दिवशीचं, एक आजचं.
माणूस तोच. आणि तोच नाही.
मूत्राशय जरा फुगलेलं,
आतड्यात रात्रीचा वायू,
गाठ दोघांमध्ये दबून
शेंगदाण्याच्या अर्ध्याएवढी सरकलेली.

घरत मॅडमनी ट्रेनिंगला दहा जुने पेशंट दिले,
नावं पुसून, नुसते नंबर.
पाच जण, पाच संगणक, मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे.
बोलायचं नाही.
संध्याकाळी फळ्यावर आकडे मांडले.
सहाव्या पेशंटची गाठ एकच,
आम्ही ती पाच ठिकाणी नेऊन ठेवली होती.
जॉयसनच्या आणि माझ्यात सात मिलिमीटर.
सात मिलिमीटर म्हणजे काय, मॅडमनी विचारलं.
कुणी बोललं नाही.
सात मिलिमीटर म्हणजे
गुदाशयाची भिंत, आणि वर थोडं.

मी हाडावर जुळवलं होतं.
जुन्या मशीनची आठ वर्षांची सवय.
हाड स्वच्छ दिसतं, जागचं हलत नाही,
हाडाच्या भरवशावर मी रात्री शांत झोपले आहे.
"हाड खोटं बोलत नाही," मी म्हटलं.
"पण त्याला विचारलंय कुणी?
गाठ हाडाला बांधलेली नाही, वृंदा."

मग कळलं, शाहीन चित्र काळपट करून बघते,
जॉयसन पांढरंफटक.
ज्याची त्याची ट्यूबलाइट.
दुसऱ्या दिवशी उजेड ठरला, सगळ्यांना एकच.
मग क्रम ठरला. आधी गाठ.
मग तिचे शेजारी, ज्यांना धक्का लागता कामा नये.
हाड शेवटी, हजेरीपुरतं.

तिसऱ्या आठवड्यात आकडे जवळ आले. दोन. दीड.
आणि एका शुक्रवारी
पाचही जण एका मिलिमीटरच्या आत!
टाळ्या झाल्या, सामोसे आले.
मॅडमनी तेच चित्र पुन्हा लावलं.
"एकमत झालं. आता बरोबर आहे का बघा."
मूत्राशय इतकं रिकामं
की आतडं खाली उतरून बसलेलं, किरणांच्या वाटेत.
ते जुळवायचंच नव्हतं.
माणसाला उठवायचं होतं,
तीन ग्लास पाणी, पाऊण तास बाकावर.
आम्ही सगळ्यांनी फार सुंदर जुळवलं होतं.

सामोसे गार झाले.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली,
"मी पण कधीकधी म्हणायचे, बाई,
या साडीवर आपल्याकडे नाही, शेजारी बघा.
मालक चिडायचा."

आज टेबलावर कळंबोलीचे मोकल काका.
ट्रक टर्मिनलला वजनकाटा सांभाळायचे.
कानात बोळे घातले की रोज मोठ्याने विचारतात,
"जुळली का पत्रिका?"
रोज मी माइकवर म्हणते, "छत्तीस गुण, काका."
आज डावीकडे दोन, पायाकडे एक,
सगळं जुळण्यासारखं.
फक्त मागच्या बाजूला एक काळा बुडबुडा,
काल नसलेला.
माझा हात बटणाशी.
शाहीन म्हणाली, "मलाही दिसतोय."
मी आधी डॉक्टरांना फोन केला, मग माइक ओढला.
"काका, आज जरा दारात या."
ते गप्प. मीही.
"म्हणजे उठा. थोडं चालून या."

"म्हणजे गुण कमी पडले,"
पाय खाली सोडत काका म्हणाले.