इम्पीरियल

ग्रीनॉकच्या बाहेर, खडीचा रस्ता संपतो तिथे
लोथार नोस्केचं घर.
बाहेर त्रेचाळीस अंश. रेड गमच्या सावलीतसुद्धा
मॅगपाय चोची उघड्या टाकून बसलेले.
मी लिलावघराची माणूस. बॅटरी, टेप, फॉर्म
आणि म्हाताऱ्यांशी बोलायचा एक हळू आवाज,
एवढं घेऊन हिंडते.

स्वयंपाकघरातली चटई पायाने सारून
त्याने फळी उचलली.
"डोकं सांभाळ," म्हणाला, "नवव्या पायरीला."
खाली सोळा अंश. दगडाचा ओला वास.
भिंतीवर पेन्सिलीने पस्तीस वर्षांचं तापमान,
तारीखवार,
अक्षर दोन प्रकारचं:
एक उभं, टोचल्यासारखं. दुसरं गोल.
गोल अक्षर सहा वर्षांपूर्वी थांबतं.

किरकोळ बाटल्या अर्ध्या तासात उरकल्या.
मग कोपऱ्यातली ती,
घोंगडीवर आडवी,
शहाऐंशी सालची शिराझ, सहा लिटर.
मुलगी झाली त्या सालची.
इम्पीरियल म्हणतात हिला.
वजनाला वर्षाच्या पोराएवढी,
आणि उचलावीही तशीच लागते, बुडाखाली हात देऊन.

मोठ्या बाटलीत वाइन सावकाश मुरते.
पोट आठपट, पण श्वास घ्यायला
बूच तेवढंच.
हे मी सगळ्यांना सांगते. त्याला सांगितलं नाही.

गळ्यामागे बॅटरी धरली. पातळी उत्तम.
लेबलाची एक कड कसरीने खाल्लेली.
बूच मात्र मूळचं नव्हे.

"दोन हजार चार," तो उलट्या क्रेटवर बसला.
अ‍ॅडलेडला जुनी बुचं बदलून देत होते.
बाटली पुढच्या सीटवर, पट्टा बांधून,
हेडविग मागे.
"लग्नाच्या दिवशीसुद्धा
इतकी जपून चालवली नव्हतीस गाडी."

तिथे पांढऱ्या हातमोज्यांच्या माणसाने बूच काढलं,
हुंगलं, मान हलवली,
दोन पेल्यांत चमचा-चमचा ओतलं. मालकांचा मान.
"मला नेमकी सर्दी.
नाक असं चोंदलेलं,
व्हिनेगर दिलं असतं तरी प्यायलो असतो."
हेडविगने घोट घेतला.
डोळे मिटले. लवकर उघडले नाहीत.
मग कमी झाली तेवढी नवी वाइन वरून घातली,
नवं बूच ठोकलं, प्रमाणपत्र दिलं.

परतताना गॉलरपर्यंत तो विचारत राहिला,
कशी होती?
"उघडू तेव्हा सांगेन."

पुढे उघडायचे दिवस येत गेले.
त्याची साठी आली ती दुष्काळात,
वेलींना पाणी नाही, आणि आपण पार्टी करायची?
मुलीचं लग्न झालं तर व्याही सगळे बीअरवाले.
सत्तरी आली तेव्हा तिच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.
सहा लिटर म्हणजे अठ्ठेचाळीस पेले.
इतकी माणसं एका टेबलाशी बसतील
असं चाळिशीतच वाटू शकतं.

मी फॉर्मवर आकडा लिहिला. चांगला आकडा होता.
त्याने पाहिला, कागद परत माझ्या हातात दिला.
"एक सांग. तुझा धंदाच आहे हा.
आज उघडली, तर तिला लागली तीच चव लागेल?"

खोटं बोलायला तिथे जागा कमी होती.
नाही, म्हटलं. वीस वर्षं झाली.
ती पुढे गेली असणार.
शिवाय तिथे जो घोट प्यायला गेला,
त्याच्या जागी घातलेलं दुसरंच काही
आता आत मुरलंय.

"पुढे गेली," तो म्हणाला.
थोड्या वेळाने पुन्हा एकदा, स्वतःशी.

मग उठला, चष्मा कपाळावर सारून
तापमापकाशी नाक नेलं,
आणि भिंतीवर, उभ्या अक्षरात, लिहिलं:
सोळा पूर्णांक दोन.

"आलो तेव्हा सोळा होतं," मी म्हटलं.

"हो," पेन्सिल कानामागे खोचत तो म्हणाला,
"दोन माणसं असली की
इतकं व्हायचंच."