छत्तीस गेज

आधी चप्पल गेली.
त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला पाय टेकवला
तर पाऊल अनवाणी, आणि मला पत्ताच नाही.
मागचा रिक्षावाला ओरडला तेव्हा कळलं.

त्याआधी बारा दिवस, ढाब्यावरचं चिकन,
हाडाजवळ थोडं लालसर राहिलेलं.
दोन दिवस जुलाब, मीठ-साखरेचं पाणी, विषय संपला
असं सिंधू म्हणाली, मीही म्हणालो.

दुसऱ्या सकाळी दुकानात
छत्तीस गेजची तार बोटांत धरवेना.
सव्वीस वर्षं अंबडला मोटारी भरतोय,
केसाएवढी तार न बघता गुंडाळणारा मी.
अन्सारभाईला म्हणालो, माल खराब आलाय.
त्याने माझ्याकडे बघितलं, तारेकडे नाही.

डॉक्टर शिरसाठांनी गुडघ्यावर हातोडी मारली.
एकदा. दोनदा. पाय आपला लोंबत राहिला,
थाप शेजारच्या दारावर पडल्यासारखा.
कागदावर त्यांनी रेघ काढली, तिच्याभोवती नळी.
"ही नस. हे तिच्यावरचं आवरण.
जंतू मारायला निघालेले शिपाई तुमचेच,
आवरणही त्यांना जंतूसारखंच दिसलं."
मी म्हणालो, इन्सुलेशन गेलं म्हणा की.
ते हसले. मी हसायला गेलो
आणि ओठ एकाच बाजूने उठला.

सकाळी एका दमात बत्तीस आकडे,
दुपारी एकोणीस.
रात्री नऊवर अडकलो,
जन्मभर वेढे मोजणारा माणूस.
मग घशात नळी.

रोज सहा बाटल्या, पाच दिवस.
सिंधूच्या पाटल्या, पतसंस्थेचं कर्ज,
सगळं थेंबाथेंबाने माझ्या दंडात.
हजारो लोकांच्या रक्तातून काढतात म्हणे हे.
कुणी पैजेवर दिलं असेल, कुणी वाढदिवसाला,
कुणी नुसतं साहेबांनी रांगेत उभं केलं म्हणून.
डोळे मिटत नव्हते, वरून पट्ट्या लावलेल्या;
पट्ट्यांखाली मी ती माणसं मोजायचो.

रात्रपाळीला हिरामण मामा, पेठकडचे.
वर बघितलं तर हो, खाली तर नाही.
"नाक? कान? मान? टाच?"
अंगाची हजेरी घ्यायचे आणि बरोब्बर खाजवायचे.
एकदा खाज नव्हतीच.
कुणीतरी विचारत राहावं म्हणून
मी खालीच बघत राहिलो.
त्यांना कळलं असणार.
तरी करंगळीपर्यंत सगळं विचारलं त्यांनी.

एकविसाव्या दिवशी खांदा हलला.
परत येतं ते वरून खाली येतं म्हणाले,
पावलं सगळ्यात शेवटी.
जळालेली मोटार मी दोन दिवसांत भरून देतो,
गिऱ्हाईक दारात उभं असतं.
विचारलं, नस किती दिवसांत?
"रोज एक मिलिमीटर, तेही तिची मर्जी असली तर,"
फिजिओ रेवती कातकाडे म्हणाली,
आणि पिवळा स्पंजचा चेंडू हातात ठेवला. दाबा.
आठवडाभर तो फक्त घरंगळला.
आठवडाभर सिंधू कॉटखाली वाकत राहिली.

जानेवारीत, निफाडला द्राक्षांजवळ शेकोट्या पेटवल्या
त्या पहाटे, वॉकर धरून उभा राहिलो
आणि फरशी गार लागली.
गार! मी ओरडलो.
सिंधू धावत आली, तिला वाटलं पडलो.

आता डाव्या पावलाला पट्टा आहे.
गुडघा हातोडीला अजून उत्तर देत नाही.
अठ्ठावीस गेज जमते. छत्तीस तुटते,
मग अन्सारभाई न बोलता रीळ आपल्याकडे ओढतो.

परवा सिडकोत रक्तदान शिबिर होतं.
म्हटलं, थोडी फेड करू.
फॉर्म वाचून मुलगी म्हणाली, काका, तुमचं नको.
वाईट नाही म्हणाली ती. पण नको.
माझ्या जागी अन्सारभाई आडवा झाला,
सुईला घाबरणारा, तोंड भिंतीकडे करून.
तिने त्याच्या मुठीत चेंडू दिला,
तसाच पिवळा.
दाबा, म्हणाली.

मी शेजारी खुर्चीत, हात मांडीवर.
बघितलं तर
माझीही बोटं मिटत होती.