तीन मिलिमीटर

उलानबातर, जानेवारी. बाहेर उणे चौतीस.
माझ्या दुकानाचा पहिला नियम:
आल्या आल्या लॅपटॉप उघडायचा नाही.
गारठलेल्या यंत्राला उबेत घाम फुटतो
आणि घामाचं विजेशी वाकडं.
म्हणून दाम्दिनना आधी खारट चहा.
टेबलावर त्यांचा लॅपटॉप, साडेचार किलो,
पोटभर चरून बसलेल्या मेंढीसारखा.

"ट्रकचं इंजिन बदलतात, ओयुंदारी. याचं का नाही?"
याचं बदलतं, म्हटलं. जुना आहे म्हणून.
आताच्यांत चिप बोर्डालाच डाख देऊन बसवतात;
घेतलं तेवढंच, जन्मभर.

दाम्दिन गोबीतून सीमेवर कोळसा नेतात.
चार-चार दिवस रांग, पुढे ट्रक, मागे ट्रक,
आणि केबिनमध्ये मांडीवर हा.
त्यावर ते खेळतात
ट्रक चालवायचा खेळ.
मी हसले नाही. जवळजवळ नाही.
"त्यात रस्ता मोकळा असतो," ते म्हणाले.

झाकण काढलं. पंख्यात काजळी, लोकरीचा धागा,
सूर्यफुलाच्या बीचं एक टरफल.
जुनं कार्ड दुखऱ्या दाढेसारखं हलवून हलवून काढलं.
नवं, म्हणजे कुणाच्या तरी फुटक्या लॅपटॉपमधलं,
खाचेत गपकन बसलं,
पण वरची तांब्याची नळी आड आली.
तीन मिलिमीटर.
एवढ्यासाठी माणसं नवं मशीन घेतात.
मी कानस घेतली.

मग तांब्याची पातळ चकती, पेस्टचा ठिपका,
स्क्रू तिरपे, समोरासमोरचे,
ट्रकचं चाक आवळतात तसे.
हे त्यांनीच सांगितलं, आणि बरोबर होतं.

बटण.
आठ बीप. पडदा काळा.
दाम्दिननी टोपी काढली, कुणी गेल्यासारखी.
मी पुन्हा उघडलं, कार्डाचे सोनेरी दात
खोडरबरानं घासले, परत लावलं.

लागलं.

खेळात रस्ता, दोन्हीकडे झाडं.
जुन्या कार्डावर त्या झाडांना सावल्याच नव्हत्या.
आता एकेक काचेवरून सरकत आली,
स्टिअरिंगवर, पुढे मागच्या सीटवर.
गोबीत झाड कुठलं?
दाम्दिननी वेग कमी केला.
मागून कुणी हॉर्न वाजवला, खेळातलाच.
"वाजवू दे," म्हणाले.

पैसे किती, ते विचारायचं राहिलं.
मीही आकड्याकडे बघत होते: अठ्ठ्याऐंशी अंश.
जरा जास्तच.
पण रांगेत चालेल.
खिडकी बोटभर उघडली की झालं.