पासवर्डांची वही

ग्रंथालयात पुस्तक मागायला आता फार कोणी येत नाही,
पासवर्ड मागायला येतात.
"पराते सर, माह्यावाला सांगा न."
मी सर नाही, परिचर आहे.
तरी उघडतो जुनं देवघेव रजिस्टर,
मागच्या बाजूनं.

विद्यापीठानं यंदा दोन पेपर ऑनलाइन केले.
परिपत्रक आलं. संगणक आले सहा,
त्यातला एक सुरू होताना कुकरसारखा शिट्टी मारतो.
प्राचार्य म्हणाले, पराते, पोरांना जरा मदत करा.
जरा म्हणजे किती,
ते परिपत्रकात नव्हतं.

म्हणून लिहून ठेवू लागलो.
निकेश मडावी : गोऱ्ह्याचं नाव, पुढे एक दोन तीन.
अंजुम : धाकट्या भावाची जन्मतारीख.
सुगत थूलचा मी सांगणार नाही,
पण ती पोरगी तिसऱ्या खुर्चीवर बसते.

व्हिडिओतले प्राध्यापक कुठले कोण जाणे,
इंग्रजी अशी सुसाट, की थांब्यावर गाडी थांबतच नाही.
पोट्टे मग वेग पाऊणपट करतात
आणि साहेब घेतल्यासारखे बोलू लागतात.
"आज साहेबाले जास्तच झाली बाप्पा,"
हसता हसता कुणाला तरी मागणीची लवचिकता कळून जाते.
दोन मैत्रिणींत एक इयरफोन,
एकीला डावं अर्थशास्त्र, एकीला उजवं.

दिवाळीनंतर वेचणी लागली, निम्म्या खुर्च्या रिकाम्या.
हजेरी घसरली की पोर्टल लाल होतं.
त्याला कोणी सांगावं,
फुटलेलं बोंड रविवारची वाट पाहत नाही.

लोचना कुमरेचा ओटीपी तिच्या मायच्या फोनवर पडतो.
बटणांचा फोन, माय वावरात,
वेळ दहा मिनिटं.
मायला आकडे येत नाहीत.
म्हणजे घाटंजीच्या बाजारात तिला कोणी फसवून दाखवावं,
पण पडद्यावरचे येत नाहीत.

पहिल्या दिवशी मी माझा फोन दिला.
लोचना म्हणाली, "माय, जसं दिसते तसं सांग."
पलीकडे वारा, कुणाची तरी हाक, मग
"एक काडी.
मंग इळा.
मंग दोन मडके, एकावर एक.
बांगडी.
खुर्ची हाय, पण उलटी.
अन् एक शेपटीवाला."
"शेपटी वर का खाली?"
"थांब, पाहून सांगतो...
फोनच उलटा त नाही धरला म्या?"

एक सात आठ शून्य चार,
आणि सहा की नऊ.
नऊ टाकला, चुकला.
दुसरा मागवला तोवर माय फोन बांधावर ठेवून
तासाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली.

हिवाळाभर असंच.
दोन म्हणजे फणा काढलेला नाग,
पाच म्हणजे टोपीवाला सरपंच, पोट सुटलेला.
रजिस्टरात मी हेही लिहून घेतलं,
कोणी सांगितलं नव्हतं.
हळूहळू सगळी खोलीच तशी बोलू लागली.
"सर, माह्या रोल नंबरात दोन सरपंच हायत,"
निकेश म्हणाला, "पास होईन का?"

फेब्रुवारीत एकदा मी फोन लावून दिला,
लोचना विचारायच्या आत आवाज आला,
"सहा हाय. नऊ नाही.
बाकीचे बी सांगतो, टाक लवकर,
बैल उभे हायत."

लोचनाला त्या पेपरात बावन्न पडले.
अंजुमला एकाहत्तर. तिनं पेढे आणले
आणि शिट्टीवाल्या संगणकासमोरही एक ठेवला.
निकेश राहिला. पुन्हा बसणार आहे.
काल आला, पासवर्ड विसरून.
मी पान काढलं.
म्हणाला, "सर, गोऱ्हा त इकला आम्ही.
नाव बदलू का?"

म्हटलं, राहू दे.
नाव थोडंच विकलंस.